अंखेफमामांचे चाकर

माझी थोरली मुलगी मेरेत हिचं दूध तुटलं, त्या सालची ही हकीकत. देवळातले कारकून राजाचं नाव घेऊन सालाचा आकडा सांगतात, पण तेव्हा उत्तरेला एक राजा होता आणि दक्षिणेला दुसरा, आणि कोणाचा आकडा धरायचा याबद्दल कारकुनांचंच एकमत नव्हतं. मेरेतचं दूध एकदाच तुटलं. ती तीन वर्षांची होती. शेपेनने, म्हणजे माझ्या बायकोने, छातीला कडू पाला चोळला होता आणि पोरगी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं रडत होती.

मी मूळचा या वासेत शहराचा नाही. नदीच्या वरच्या अंगाला, दोन दिवसांच्या वाटेवर माझं गाव. तिथे वडिलांचं कुंभारकाम होतं. पाच भावांत मी चौथा. चाकावर माझ्यासाठी जागा उरली नव्हती, म्हणून मला वासेतच्या अंखेफांकडे घरजावई दिलं. त्यांचे दोन्ही मुलगे एकाच उन्हाळ्यात तापाने गेले होते. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे आणि सासूबाईंना, तामीतना, मामी. देवळाच्या मागच्या भिंतीला लागून त्यांचं घर होतं, आणि घराच्या निम्म्या भागात झळाळीचं काम चाले.

झळाळी म्हणजे निळं चकचकीत काम. मणी, ताईत, वाट्या, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे मेलेल्या माणसाबरोबर कबरीत जाणारे चाकर, म्हणजे छोटे पुतळे. बाहेरचे लोक याला कुंभारकामच समजतात. मामांना त्याचा फार राग.

"माती नदी आणून टाकते," ते म्हणत. "झळाळी माणसाला करावी लागते." आणि हे म्हणताना माझ्याकडे बघत.

काम असं की वाळवंटातल्या पांढऱ्या गारगोट्या आणायच्या, भाजायच्या, कुटायच्या, पिठासारख्या दळायच्या. त्या पिठात खाऱ्या झुडपांची राख, चिमूटभर चुना आणि तांब्याची भाजलेली पूड घालून पाण्यात मळायचं. तो गोळा मातीसारखा ऐकत नाही. ओढायला गेलं की तुटतो, सोडला की बसतो. म्हणून साच्यात दाबून काढायचा. साचे मात्र मातीचे लागतात, आणि त्यात वासेतमध्ये माझा हात कोणी धरू शकत नसे. सहा वर्षं मी गारगोट्या कुटल्या आणि साचे केले. राख किती आणि तांबं किती हे मामांनी मला कधी सांगितलं नाही. ते आतल्या खोलीत दार लावून एकटे कालवत. दाबलेला माल वाळायलाही त्याच खोलीत ठेवत. मला एवढंच माहीत होतं की वाळत्या मालाला हात लावायचा नाही. मी बाकीचं विचारलं नाही. घरजावयाने काय विचारावं आणि काय विचारू नये हे त्याला पहिल्या महिन्यातच कळतं.

मामींचा आणि माझा वाद वेगळा होता. त्यांच्या घरात दोन्ही वेळच्या जेवणाला खारवलेला मासा असे. तो इतका खारट, की पहिला घास घेतला की माझं तोंड आपोआप वाकडं होई आणि हात पाण्याच्या मडक्याकडे जाई.

"नदी आटेल हो अशाने," मामी म्हणायच्या. "पुजारी येतील दारात विचारायला, पाणी कुठे गेलं म्हणून."

"पाणी माझ्या मडक्यातलं पितोय, मामी."

"मडकं तुमचं असेल. मासा माझा आहे."

मामा खाली मान घालून खात. त्या माशाबद्दल बरं की वाईट, एक शब्दही मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

मामांना खोकला होता. या धंद्यातल्या सगळ्यांना असतो. गारगोटीचं पीठ श्वासाबरोबर आत जातं आणि परत येत नाही. त्या साली पेरणीचे दिवस सरेपर्यंत त्यांचा खोकला इतका वाढला, की गच्चीच्या सात पायऱ्या चढायला त्यांना दोनदा बसावं लागे. एके दुपारी जेवताना ते म्हणाले, "आता माझे चाकर करायला घेऊ."

मामी म्हणाल्या, "एवढी काय घाई आहे?"

"तुला नसेल. धाप मला लागते."

 मग मामाच पुढे बोलू लागले. ते एकदम एवढं बोलल्याचं मला दुसरं आठवत नाही.

"पस्तीस वर्षं मी पुजाऱ्यांचे चाकर केले. पुजाऱ्यांच्या बायकांचे केले. त्यांना कशाला हवेत? त्यांनी इथे कधी टोपली उचलली नाही. तिथे त्यांना कोण सांगणार आहे? सांगतील मला. माझे हात बघूनच ओळखतील."

पलीकडच्या जगातही शेतं आहेत आणि शेतं आहेत तिथे वेठ आहे. कालवे उपसायचे, वाळू एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यायची. नावाची हाक येते आणि ज्याचं नाव त्याला जावं लागतं. कबरीत चाकर असले तर धन्याचं नाव पुकारताच चाकर म्हणतो, "मी हजर आहे," आणि टोपली घेऊन निघतो. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांना तीनशे पासष्ट चाकर, आणि दर दहांवर देखरेखीला एक असे छत्तीस मुकादम. मुकादमाच्या हातात चाबूक असतो. एकूण चारशे एक.

मामा विशीत असताना त्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला कालवा उपसायला वेठीला धरून नेलं होतं. भाऊ एका संध्याकाळी टोपली डोक्यावर असतानाच चिखलात बसला आणि उठला नाही. मामांनी ती टोपलीही आपल्या टोपलीवर घेऊन दिवस भरला होता. हे मला शेपेनने लग्नाच्या पहिल्या साली सांगितलं होतं.

"तेव्हा माझ्या छातीत वारा होता," मामा म्हणाले. "आता एक टोपलीसुद्धा नाही उचलवणार. तिथे मरायचीही सोय नाही. उचलतच राहावं लागेल."

कापणीचे दिवस लागले आणि आम्ही कामाला बसलो. तांबटाच्या ऐरणीखाली पडणारी तांब्याची पापडी मामांनी कित्येक वर्षं थोडी थोडी करून एका कातडी पिशवीत साठवली होती. ती सगळी त्यांनी भाजून दळली. दार लावून दिवसभर कालवत बसले. बाहेर आम्हाला नुसता खोकला ऐकू येत होता. मी बोटाएवढ्या चाकरांचे वीस साचे तयार ठेवले होते. दोन दिवस मी, शेपेन आणि मामी दाबत होतो. माल साच्यातून निघाला की ओला असतानाच त्याच्या अंगावर काळ्या रंगाने धन्याचं नाव घालावं लागतं. नाव नसलेला चाकर कोणाचाच नसतो. देवळातल्या कारकुनाने एका खापरीवर मामांचं नाव लिहून दिलं आणि ते बघून मी चारशे एक वेळा उतरवलं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. मी ते चित्रासारखं काढत होतो.

आतल्या खोलीत एवढा माल मावेना, म्हणून अंगणात छपराखाली बोरूच्या चटया टाकल्या आणि त्यावर सगळे चाकर ओळीने निजवले.

दुसऱ्या दिवशी दरीचा सण होता. त्या दिवशी देवाची नाव पश्चिम काठाला जाते आणि सगळं वासेत मागोमाग नदी ओलांडून आपापल्या माणसांच्या कबरींवर जातं. लोक तिथेच जेवतात, सातूची दारू पितात, आणि दुसऱ्या दिवशी परततात. मामांनी हट्ट धरला की त्यांना यायचंच आहे.

"गाढवावर बसवेल का?" शेपेनने विचारलं.

"बसवेल. पोरांना सांगून येतो, सरकून बसा म्हणून."

निघताना त्यांनी मला चटयांपाशी उभं केलं. "जावईबापू, नुसतं बसायचं. हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही. मांजर येऊ द्यायचं नाही. समजलं?"

"समजलं, मामा."

ते गेले आणि दिवस थोडा वर आल्यावर वाळवंटाकडून गरम वारा सुटला. वर्षातून काही दिवस हा वारा येतो आणि भाकरीसुद्धा हातात धरल्याधरल्या वाळते. मामा या दिवसांत कधी मोठं काम काढत नसत. या वेळी त्यांना थांबायला वेळ नव्हता. मी चटयांपाशी बसलो होतो. दुपारच्या आधी एका चाकराच्या पायापाशी केसाएवढी चीर दिसली. मग दुसऱ्याला दिसली. मग एका मुकादमाला.

माझ्या वडिलांच्या घरी हा वारा सुटला की आम्ही पाचही भाऊ हातातलं टाकून धावायचो. मडकी बाहेरून आधी वाळली की तडकतात, म्हणून सगळ्यांवर ओली फडकी टाकायची. जो मागे राहील त्याला वडील मारत. मी फार विचार केला नाही. घरातल्या जुन्या चादरी काढल्या, पाण्यात बुडवल्या, पिळल्या, आणि एकेका चटईवर हलकेच पसरल्या. कुठल्याही चाकराला माझं बोट लागू दिलं नाही. चादरी सुकल्या की पुन्हा भिजवत होतो. संध्याकाळी बघितलं तर नवी चीर एकही नव्हती. मी भाकरी आणि कांदा खाल्ला. सहा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की या घरात साचे करण्यापलीकडे आपलं काही काम आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले. गाढव दारात थांबलं. मामांनी वरूनच अंगणाकडे बघितलं आणि बराच वेळ उतरलेच नाहीत.

"हे काय?" ते म्हणाले. "अंगाई म्हणून झोपवलंस का यांना?"

"वारा सुटला होता, मामा. तडकायला लागले होते. हात नाही लावला मी."

"चादर काढ."

मी एक चादर उचलली. तिच्या आतल्या बाजूला पांढरट, खरबरीत थर बसला होता. भिंतीला लोणा लागतो तसा. खालचे चाकर मळक्या करड्या रंगाचे, नुसत्या वाळलेल्या भाकरीच्या तुकड्यांसारखे दिसत होते.

शेपेनच्या हातून मेरेत खाली उतरली. शेपेन हळू आवाजात मला म्हणाली, "अहो, ते पांढरं अंगावर यायला हवं असतं."

मग मला सगळं कळलं, आणि कोणी नीट सांगायच्या आधीच कळलं. गोळ्यातला खार पाण्याबरोबर वर येतो, पाणी उडून जातं आणि खार चाकराच्या अंगावर सायीसारखा बसतो. भट्टीत तीच साय वितळते आणि तीच झळाळी होते. म्हणून हात लावायचा नसतो. माझ्या ओल्या चादरींनी सगळी साय पिऊन टाकली होती.

"सहा वर्षं," मामी म्हणाल्या. "सहा वर्षं मासा खाऊन बुद्धी मडक्याएवढीच."

 मामींनी चादरी गोळा केल्या आणि धुवायला निघाल्या.

"थांब," मामा म्हणाले. "ती कापडं धुऊ नको. माझं सगळं त्यातच आहे."

त्यांना उतरवून भिंतीला टेकून बसवलं. त्यांनी एक चादर मागितली आणि तिचा पांढरा भाग जिभेला लावला. डोळे मिटून थांबले. पुन्हा लावला. मग चादर मांडीवर ठेवली.

"काय झालं?" मामींनी विचारलं.

"मला काही लागत नाही."

"म्हणजे?"

"चव लागत नाही. कशाचीच."

"कधीपासून?"

"नदीचा पूर उतरला तेव्हापासून."

मामींनी मनातल्या मनात महिने मोजले. "मग परवा मसुरात मीठ कमी आहे म्हणालात ते?"

"अंदाजाने म्हणालो."

"आणि हा एवढा गोळा कालवलात तो?"

"तोही अंदाजाने," मामा म्हणाले.

अंगणात वारा अजून होता. मेरेत चटईजवळ जाऊ नये म्हणून शेपेनने तिला परत कडेवर घेतलं. मामा मान खाली घालून बसले होते. त्यांना दुसरं कालवण करता येणार नव्हतं, तांब्याची पिशवी रिकामी झाली होती, आणि जे होतं ते माझ्यामुळे चादरींत गेलं होतं. मी म्हणालो, "मामा, मला सांगा. मी करतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नकार देतील असं मला वाटलं. पण त्यांना बहुधा टोपली दिसत असावी.

"चाकर सगळे परत कुटायचे," ते म्हणाले. "तांबं त्यातच आहे. चादरी थोड्या पाण्यात खळबळायच्या आणि त्याच पाण्यात पीठ मळायचं. खार सगळा परत येणार नाही, म्हणून वर राख घालायची. किती घालायची ते मोजमापाने सांगता येत नाही. राख दर खेपेला वेगळी निघते. जिभेने ठरवायचं."

"किती खारट लागायला हवं?"

मामांनी चादर बाजूला सारली. मामींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हिच्या माशाइतकं."

"कशाइतकं?" मामी म्हणाल्या.

"तुझ्या माशाइतकं. लग्नाआधी माझी निम्मी भट्टी फिकी निघायची. तू आलीस, पहिल्या दिवशी मासा वाढलास, आणि मला माप सापडलं. तेव्हापासून तेच माप."

मामींना राग आला होता की दुसरं काही, ते मला त्यांच्या तोंडावरून सांगता आलं नाही. "पस्तीस वर्षं गिळताय," त्या म्हणाल्या. "एकदा तरी म्हणालात का, की बरा झालाय?"

"म्हटलं असतं तर तू त्यात काहीतरी सुधारणा केली असतीस."

कुटायला आम्हाला दोन दिवस लागले. तोवर वारा पडला. तिसऱ्या दिवशी मामांना आतल्या खोलीत भिंतीशी बसवलं आणि पहिल्यांदाच त्या खोलीचं दार उघडं ठेवून कालवण झालं. मी चादरींचं पाणी घालून पीठ मळलं. मामी माशाचं मडकं घेऊन शेजारी बसल्या. आधी माशाचा तुकडा चाटायचा, मग गोळा चाटायचा, मग पाण्याने चूळ भरायची आणि राख घालायची.

"नुसतं खारट नाही," मामा सांगत होते. "मागून जीभ चुरचुरली पाहिजे. साबण लागल्यासारखी."

"चुरचुरते."

"खोटं बोलतोस. तुझं तोंड सरळ आहे. सहा वर्षं रोज दोनदा मी तुझं तोंड बघतोय. माशाच्या पहिल्या घासाला ते जसं होतं तसं होऊ दे. मग थांब."

मी अजून एक मूठ राख घातली. मळलं. चाटलं.

"डावी बाजू झाली," मामा म्हणाले. "उजवी अजून नाही."

मामी हसू दाबत होत्या. शेपेन दारात उभी राहून उघड हसत होती. आणखी अर्धी मूठ घातल्यावर माझे डोळे आपोआप मिटले आणि हात पाण्याच्या मडक्याकडे गेला.

"बस," मामा म्हणाले. "झालं."

आम्ही पुन्हा दाबले. मी पुन्हा चारशे एक वेळा नाव उतरवलं. या वेळी मधेच कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी खापरीकडे बघत नाहीये. माझ्या आयुष्यात मला वाचता आलेला पहिला शब्द तो. बाकीचे यायला पुढे तीस वर्षं गेली.

वाळताना मला अंगणातल्या छपराखाली राखणीला बसवलं आणि मामींनी मेरेतला माझ्या मांडीवर ठेवलं.

"हिला धरून बसा," त्या म्हणाल्या. "म्हणजे हात रिकामे राहायचे नाहीत."

मेरेत आईच्या दुधासाठी रडत होती आणि मी तिला धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बघितलं तर चाकरांच्या डोक्यांवर आणि खांद्यांवर पांढरी साय यायला लागली होती. संध्याकाळपर्यंत सगळे पांढरे झाले. काहींना पायापाशी चिरा गेल्या. मी जागचा उठलो नाही.

भट्टीच्या वेळी मामा म्हणाले, "आता मी बोलणार नाही. आग कुंभाराची." मी माझ्या वडिलांच्या पद्धतीने भट्टी लावली. आधी शेणी, मग बाभळीचं लाकूड, आणि आतला रंग जर्दाळूसारखा झाल्यावर तो दिवसभर तसाच धरून ठेवायचा. ती थंड व्हायला दोन दिवस लागले. तोवर मामांना उठून बसणंही जमेनासं झालं होतं. आम्ही त्यांना चटईसकट भट्टीजवळ आणलं.

मी भट्टीचं तोंड फोडलं आणि पहिला चाकर बाहेर काढला. निळा होता. खांद्यांवर थोडा हिरवट, पण अंगभर झळाळी होती, आणि काळ्या अक्षरात मामांचं नाव स्पष्ट दिसत होतं. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो अंगठ्याने चोळला, उजेडात फिरवला.

"हिरवट आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "चालेल."

सगळे काढून ओळीने मांडले. छत्तीस मुकादम धड होते. चाकरांतले अकरा चिरांपाशी दुभंगले होते. मोडका चाकर उठत नाही. मामांनी ते तुकडे बघितले.

"अकरा दिवस," ते म्हणाले. "अकरा दिवस मला स्वतःला जावं लागेल."

 तांबं संपलं होतं आणि नवं जमवायला वर्ष गेलं असतं. मामांकडे वर्ष नव्हतं.

मी नदीवर गेलो आणि माती आणली. त्याच साच्यांत अकरा चाकर दाबले, नाव घातलं, आणि या वेळी ते ओल्या फडक्याखाली सावकाश वाळू दिले. चार दिवसांनी भाजून काढले. लाल निघाले, साधे, पण कुठेही चीर नव्हती. मी ते मामांच्या चटईपाशी नेऊन ठेवले.

"हे काय, मडकी?" मामा म्हणाले. त्यांना एका वाक्यात दोनदा थांबावं लागत होतं.

"तुमच्या नावाचे आहेत, मामा."

"हाक मारली तर उठतील?"

"उठतील. आमच्या गावात वेठीला पहिले कुंभारच नेतात. माती उचलायची सवय असते म्हणून. हाक त्यांच्या ओळखीची आहे."

मामांनी एक उचलून हातावर तोलला. "जड आहे," ते म्हणाले. मग तो त्यांनी खाली ठेवला नाही. "कापणीच्या दिवसांत उभे कर यांना. उन्हात तडकणार नाहीत." आणि मला म्हणाले, "चाकरांची पेटी तू भर. ओळ चुकवू नकोस."

पेटी मी भरली. तीनशे चौपन्न निळे, अकरा लाल आणि छत्तीस मुकादम. ओळ चुकलेली नाही. त्या लाल अकरांनी हाक ऐकली की नाही हे मला अजून माहीत नाही. आता माझंही वय झालं आहे, तेव्हा कळायला फार वेळ लागणार नाही. माझे चाकर शेपेनने कालवले आहेत. माशाचं मडकं तिच्याकडे आहे.

अंखेफमामा मेरेतचं दूध तुटलं त्याच साली, कापणीच्या चौथ्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी सकाळी वारले. तामीतमामी त्यांच्यानंतर अकरा वर्षांनी, पेरणीच्या पहिल्या महिन्यात वारल्या.